मांजर आणि घरातली झाडं: तुमचे अनुभव सांगा

परवा आमच्या गुंड्याने मनीप्लँटचं पान चावलं. तोंडातून लाळेची धार, पंजाने तोंड पुसतोय, ओरडतोय. डॉक्टर म्हणाले, या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू खाजतं ना, तसंच. संध्याकाळी स्वारी परत फ्रिजवर. नर्सरीवाला मात्र "काही होत नाही हो" म्हणाला होता! तुमच्याकडे काय झालं ते लिहा. झाडाचं नाव नक्की द्या.

*

आमची चिंगी लिलीने गेली. वाढदिवसाच्या बुकेत गुलाबी ओरिएंटल लिली होती. चिंगीने पान खाल्लेलं कुणी पाहिलं नाही, नाकाला आणि अंगाला केशरी पराग मात्र लागले होते. मी हसून फोटोसुद्धा काढला. मग ती अंग चाटत बसली. रात्री दोनदा उलटी झाली, केसांचा गोळा असेल म्हणून आम्ही झोपलो. दुसऱ्या दिवशी बरी वाटली. तिसऱ्या दिवशी खाणं बंद. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन भलतंच वाढलेलं, किडन्या गेल्या होत्या. पहिल्याच रात्री सलाईन लागलं असतं तर वाचण्याची आशा होती, असं डॉक्टर म्हणाले. फुलदाणीतलं पाणीही तितकंच वाईट. तो फोटो अजून डिलीट केलेला नाही.

*

वाचून पोटात गोळा आला. लगेच गॅलरीतली पीस लिली उचलली, मग कळलं की ती नावाचीच लिली. कूळ अळवाचं. तोंड भाजतं, किडनीला काही होत नाही. किडनीवर जातात त्या लिलियम, म्हणजे खऱ्या लिली, आणि डेलिली. तरी दिली शेजारच्या काकूंना, त्यांच्याकडे मांजर नाही.

*

आमच्याकडे कोकणात गौरीला कळलावीची फुलं असतात. आजी त्या दिवसांत भाटीला माजघरात फिरकू द्यायची नाही आणि कंदाला आम्हालाही हात लावू द्यायची नाही. आम्हाला वाटायचं, सोवळं असेल. पुढे बॉटनीत शिकले की त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. आजीला हा शब्द माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

*

सोसायटीच्या गेटवर सायकस, ते पामसारखं दिसणारं झाड, आहे का बघा. सगळं झाडच विषारी, बिया सर्वांत जास्त, थेट लिव्हरवर. कमिटीला दोनदा अर्ज दिला. "शोभेचं आहे" हे उत्तर.

*

जरा हलकं लिहिते. आमच्या बोक्याने नवरात्रात पाचव्या माळेलाच घटाचं धान कुरतडलं. सासूबाईंनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. तेव्हापासून त्याच्यासाठी वेगळ्या कुंडीत गहू पेरते, आठवड्यात चांगला वर येतो. आता इतर झाडांकडे ढुंकून बघत नाही, कोरफड सोडून. मागे खाऊन जुलाब झाले होते, म्हणून टांगून ठेवली. काल पडद्यावरून चढून तिथेही पोचला. काय करू?