राजवाड्याची सावली शाईने कशी धरावी?

प्रश्न: इंदूरचा राजवाडा मी ०.३ मिमी टोकाच्या काळ्या पेनने रेखाटत आहे. खालचे दगडी मजले बरे साधले. वरच्या लाकडी सज्जांखाली मात्र आडव्या-उभ्या रेषांचे इतके थर चढले की कागदाचे तंतू सुटले आणि सावलीऐवजी नुसता डाग उरला. माझे नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर १: दुसरा थर पहिल्यावर काटकोनात टाकल्यास चाळणीसारखी जाळी दिसते; तोच २०-३० अंशांनी तिरपा घेतल्यास लांबट चौकटी पडतात आणि नजर रेषांत न अडकता छटेकडे जाते. शिवाय आधीची शाई वाळण्यापूर्वी पुढचा थर दिला की कागद उखडतो. खोल सावलीसाठी पेनवर जोर न देता ०.५ चे टोक घ्यावे. जर्मन चित्रकार ड्यूररने (१४७१-१५२८) तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांत गोलाईवरच्या रेषा त्या गोलाईबरोबर वळतात. खांबांसाठी तेच करून पाहावे.

उत्तर २: दगडासाठी मी ठिपकेच वापरतो. काम वेळखाऊ आहे, एकेक कमान दोन-दोन संध्याकाळी खाते. पण पेन अगदी उभे धरावे, नाहीतर ठिपक्याला शेपूट फुटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कागद ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा), म्हणजे झेरॉक्सचाच होता, हे लिहायचे राहिले.

उत्तर १: मग निम्मा दोष कागदाचा! २०० जीएसएमच्या पुढचा गुळगुळीत कागद घ्यावा. जलरंगाच्या खरखरीत कागदावर बारीक टोक लवकर झिजते.