मदत हवी आहे : दौलताबादचा चिनी महाल आणि कैदेतला तानाशहा

नमस्कार मंडळी,

दौलताबादच्या किल्ल्यातल्या चिनी महालाविषयी माहिती गोळा करतेय. लोक चांदमिनारापाशी फोटो काढतात आणि तडक अंधारीकडे, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेकडे, निघतात. मधल्या या पडक्या वाड्यात फारसं कुणी थांबत नाही. माझी सातवीची मुलं तरी थांबावीत, एवढीच इच्छा आहे.

गोळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा, म्हणजे तानाशहा, याच वाड्यात कैदेत होता. 1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले तेव्हा भागानगरला (आजच्या हैदराबादला) त्यांची भेट झाली ती याच्याशीच. मादण्णा-आकण्णा त्याचेच कारभारी. पुढे 1687 मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर गोळकोंडा औरंगजेबाच्या हाती गेला आणि सुलतानाला इथे आणून ठेवलं. मरेपर्यंत तो सुटला नाही. त्याच्या घराण्याच्या कबरी गोळकोंड्याजवळ, त्याची मात्र आपल्या खुलताबादेत. मला हे फार लागतं.

भिंतीवर निळ्या चिनी फरशांचे थोडेच तुकडे उरलेत, बोटभर रुंदीचे. मूळ नक्षी कशी असेल, मुलांना काढून दाखवायची आहे. कुणाच्या घरी या भिंतींचे जुने फोटो आहेत का? निजामाच्या काळातले असतील तर फारच उत्तम. आणि सुलतानाच्या इथल्या दिवसांबद्दल फारसी किंवा दखनीतलं काही वाचलेलं कुणी असेल, तर कुठे मिळेल तेवढं कळवा. उर्दू मला वाचता येते, फारसीसाठी मात्र सोबत लागेल.