भंडारदरा धरणाची चक्कर रोडबाईकवर (बारीक टायरच्या सायकलवर) जमेल का?

नाशिकचा_पेडलवाला
मंडळी एक सल्ला हवाय. वय ४३, रोडबाईक घेऊन दोन वर्षं झाली, रविवारी त्र्यंबकला जाऊन येतो, कधीतरी घोटीपर्यंत, पण त्या हायवेच्या ट्रकांचा आता खरंच कंटाळा आलाय. नोव्हेंबरात भंडारदरा धरणाला चक्कर मारायची मनात आहे, म्हणजे शेंडी - मुतखेल - रतनवाडी - साम्रद - घाटघर - पांजरे - मुरशेत - परत शेंडी. शेंडीपर्यंत सायकल कारमध्ये टाकून आणणार, नाशिकपासून चालवत यायचं तर शेंडीलाच माझा निकाल लागेल.
टायर २५ मिमीचे, गिअरच्या चक्रांचे दाते पुढे ५०-३४, मागे ११-२८. एवढ्यावर निघेल का? कुठल्या बाजूने सुरू करू? आणि सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून आहे ना, तर घरून बिबट्याचा मुद्दा निघालाय, त्याचं काय सांगू?

घाटावरचा
निघते की. मी २०१६ ला २३ च्या टायरवर मारलीय. बिबट्याबिबट्या काही नाही दिसत, उगाच घाबरवतात लोक.

राजूरकर
वरच्या भाऊंनी २०१६ चं सांगितलंय, तेव्हापासून त्या रस्त्यावर किती पावसाळे गेले ते बघा आधी. मी राजूरचा, आमचं येणंजाणं कायम तिकडे. घाटघरला आमच्याकडे नगरची चेरापुंजी म्हणतात (आता अहिल्यानगरची म्हणा हवं तर), चार महिने तो रस्ता पाण्याखालीच असल्यासारखा असतो, त्यामुळे एका वर्षी गुळगुळीत डांबर आणि पुढच्या वर्षी त्याच जागी नुसती खडी असं चालूच राहतं. रतनवाडी ते साम्रद मधला जंगलातला तुकडा सगळ्यात बेभरवशाचा, येण्याआधी आठवडाभर कुणाला तरी फोन करून विचारा. २५ चालतील पण फ्रेममध्ये बसत असतील तर २८ टाका आणि हवा थोडी कमी ठेवा, १०० पीएसआय भरून आलात तर दात हलतील. ट्यूब दोन घ्या, पंप घ्या, पंक्चरवाला मध्ये कुठेही नाही आणि मोबाईलला रेंज असेलच असं नाही.

बिबट्याचं म्हणाल तर आहे. अख्ख्या अकोले तालुक्यात आहे, आमच्या उसातपण आहे, त्याला अभयारण्याची हद्द कोण सांगणार. पण तो फिरतो अंधारात आणि पहाटे. तुम्ही लोक ५ वाजता लाईट लावून निघता ना, ते इथे करू नका. नीट उजाडल्यावर निघा, ४ पर्यंत शेंडीत परत या, एवढं पाळलंत तर घरी सांगा काळजी नको म्हणून. खरी काळजी गुरांची. वळणावर अख्खा कळप आडवा असतो आणि सायकलचा आवाज येत नाही त्यामुळे जनावर ऐनवेळी बुजतं. घंटी लावा, रोडबाईकवर शोभत नसली तरी.

शनिवार-रविवार येऊ नका. आणि मे-जूनला काजव्यांच्या सीझनमध्ये तर चुकूनही नाही, रात्रभर गाड्यांची रांग असते.

मीनल_सायकल
मी मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी एकटीने केली, ४५ च्या आसपास किमी भरले मला, फोटो, चहा आणि एक पंक्चर धरून सहा तास. शेंडीतून मुतखेलच्या बाजूने सुरू करा असंच म्हणेन कारण रतनवाडीच्या पुढचा चढ आणि खराब रस्ता पाय ताजे असताना होऊन जातो, आणि शेवटी पांजरे-मुरशेतच्या बाजूला वस्ती जास्त, काही बिघडलंच तर जीपवाला तरी मिळतो. शिवाय घाटघरच्या कोकणकड्यावर सकाळी धुकं असेल तर समोर नुसता पांढरा पडदा, मी ११ ला पोचले तेव्हा सगळं उघडलेलं होतं, वसूल.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही ती म्हणजे शेवाळ. पाऊस संपला तरी झाडांच्या सावलीत जिथे दिवसभर ऊन पोचत नाही तिथे डांबरावर हिरवा थर तसाच राहतो, दिसत नाही, ओलसर डाग वाटतो फक्त. साम्रदच्या अलीकडे एका उतारावर मी पुढचा ब्रेक दाबला आणि पुढच्या क्षणाला मी रस्त्यावर आणि सायकल गटारात. कोपर सोलला, बाकी नशीब. सावलीचा पट्टा दिसला की त्याच्या आधी उन्हातच वेग कमी करा, सावलीत ब्रेकला हात नको आणि हँडल सरळ.

कुत्र्यांसाठी: पळायचं नाही, उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि हळू चालायचं. स्प्रिंट मारलीत तर त्यांना वाटतं खेळच सुरू झाला.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी थांबाच. आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते, मी न सांगता गेले तर एका मावशींनी घरातलाच भात वाढला, पैसे घ्यायला तयार नव्हत्या.

घाटावरचा
शेवाळाचं बरोबर आहे ताई, मी एप्रिलमध्ये गेलो होतो म्हणून कळलं नसेल. पण ३४-२८ च्या गिअरवर माझे गुडघे दोन दिवस बोलत होते हे आता कबूल करतो.

ठाण्याचा_स्पोक
थोडं अवांतर, कसाऱ्यापर्यंत लोकलच्या लगेज डब्यातून सायकल आणून तिथून घाट चढून यायचा विचार आहे, कुणी केलंय का?

मीनल_सायकल
घाट चढायला अवघड नाहीये, पण ट्रक तुम्हाला कठड्याला चिकटवतात. इगतपुरी किंवा घोटीपर्यंत कारनेच या. घोटीहून बारीमार्गे शेंडीचा रस्ता मात्र चालवण्यासारखा, बारीला समोर कळसूबाई उभी, १६४६ मीटर, मान वर करून बघायचं आणि आपल्याला ती चढायची नाहीये म्हणून खूश व्हायचं.

राजूरकर
अजून एक राहिलं. नाक्यावर वनखात्याची प्रवेश फी असते, सुटे पैसे आणा आणि पावती खिशात ठेवा, दुसऱ्या बाजूच्या नाक्यावर विचारतात. आणि ते तुमचे एनर्जी जेलचे रिकामे पाऊच, जर्सीच्या खिशात घालताना निम्मे खाली पडतात. मागच्या हिवाळ्यात एक ग्रुप आला होता, हँडलला स्पीकर लावून गाणी चालू, वानरंसुद्धा झाडावरून वाकून बघत होती. १९८६ पासून अभयारण्य आहे हे, त्यांच्या घरात आलोय आपण, एवढं डोक्यात असू द्या.

नाशिकचा_पेडलवाला
सगळ्यांचे आभार. दुकानात विचारलं, माझ्या मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) ३२ दात्यांपर्यंत झेपेल म्हणतोय, मग मागची चक्रं म्हणजे कॅसेट ११-३२ आणि टायर २८ असं दोन्ही टाकून दिलं. बुधवार ठरलाय, ७ ला शेंडीतून निघणार, मुतखेलच्या बाजूने. घंटी पण घेतली, ७० रुपयाची, पोरगी हसतेय. राजूरकर, रतनवाडीत भाकरीसाठी आधी कुणाला सांगायचं ते जरा मेसेजमध्ये कळवा ना, आम्ही आता दोघं आहोत, मेहुणा पण मागे लागलाय.

राजूरकर
कळवतो. मेहुण्यांची सायकल कुठली, ब्रेकपॅड बघून घ्या त्यांचे.