नवा लॅपटॉप: पैसे प्रोसेसरवर घालू की ग्राफिक्सवर?

पाणचाफा
नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मुलांसाठी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटी ॲनिमेशन करते. सध्या हृदयाच्या झडपा कशा उघडतात-मिटतात ते दाखवायचं चाललंय. लॅपटॉप जुना आहे: आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, एमएक्स१५० ग्राफिक्स, त्यावर २ जीबी मेमरी. सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या अंतिम चित्र तयार करणाऱ्या (रेंडर करणाऱ्या) भागात, एका फ्रेमला ४ मिनिटं लागतात. १० सेकंदांचा तुकडा म्हणजे २५० फ्रेम, म्हणजे जवळजवळ १७ तास. रात्री लावून झोपते. सकाळी बघावं तर ९०व्या फ्रेमपासून झडपेची सावली चुकलेली, की पुन्हा पहिल्यापासून.

आता नवा घ्यायचाच आहे. किंमत सारखीच असलेले दोन पर्याय आहेत. पहिला: आय७-१३७००एच आणि आरटीएक्स ४०५०. दुसरा: आय५-१३५००एच आणि आरटीएक्स ४०६०. दोन्हींत १६ जीबी रॅम. ज्याला विचारावं तो म्हणतो "आय७च घे". का, ते कुणी सांगत नाही.

एकतारा
दुसरा घ्या.

आय७-१३७००एच मध्ये ६ मोठे आणि ८ छोटे कोअर, आय५-१३५००एच मध्ये ४ मोठे आणि तेवढेच ८ छोटे. फरक आहे, नाही असं नाही. पण सायकल्स ग्राफिक्सवर चालवलं की रेंडर होताना प्रोसेसर बराचसा मोकळाच असतो. ४०५० ला २५६० कुडा कोअर (ग्राफिक्सवरचे हिशेब करणारे छोटे भाग) आणि ६ जीबी मेमरी, ४०६० ला ३०७२ कोअर आणि ८ जीबी.

माझा सगळा भर त्या ८ जीबीवर आहे. वेग कमी असला तर जास्त वेळ थांबावं लागतं, एवढंच. मेमरी कमी पडली तर सीन साध्या रॅममध्ये ओसंडतो आणि काम रखडतं, नाहीतर रेंडर एरर देऊन बंदच पडतं. मी आधी ४ जीबी ग्राफिक्सवाला घेतला होता. झाडाझुडपांचा एकच सीन, आणि प्रत्येक पानाला वेगळं टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र). ४०९६ x ४०९६ चं एक साधं टेक्स्चर मेमरीत ६४ एमबी जागा खातं. हिशेब करा, किती पानं मावतील! शेवटी अर्धी झाडं काढून टाकून सीन पुरा केला. त्याची रुखरुख अजून आहे.

"आय७" एवढंच वाचून काही घेऊ नका. आय७-१३५५यू सुद्धा आय७च आहे, पण त्यात मोठे कोअर २च आणि मूळ वीजमर्यादा १५ वॅट. लांबलचक कामात तुमचा आय५-१३५००एच त्याच्या पुढे राहील. शेवटचं अक्षर, एच की यू, बघायची सवय लावा.

ग्राफिक्सचंही तसंच. ४०६० हे नाव एकच, पण लॅपटॉप बनवणारा त्याला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकतो. हा आकडा नावात नसतो, कंपनीच्या तपशिलाच्या पानावर शोधावा लागतो. कमी वॅटचा ४०६० हा भरपूर वॅटच्या ४०५० पेक्षा मागे पडू शकतो.

रानजाई
एकतारा यांचं रेंडरपुरतं बरोबर आहे. पण पाणचाफा, तुमचा वेळ खरंच रेंडरमध्येच जातोय का? द्रवाचं सिम्युलेशन बेक करणं (त्याची हालचाल आधीच मोजून साठवणं), मॉडिफायर (आकार आपोआप बदलणारी साधनं), हाडांचा सांगाडा हलवणं, हे सगळं प्रोसेसरवर चालतं. मी मागच्या वेळी सगळे पैसे ग्राफिक्सवर घातले. माझं काम पाण्याचं, आणि बेक होताना ते महागडं कार्ड नुसतं बसून असतं. हृदयातलं रक्त तुम्ही द्रव म्हणून केलं असेल तर आय७ चा विचार जरूर करा.

कॅमेऱ्याचं १०-बिट ४:२:२ एच.२६५ (व्हिडिओ साठवायचा एक प्रकार) चित्रीकरणही जोडणार असलात तर आणखी एक: ४०-मालिकेतली एनव्हिडियाची कार्डं ते हार्डवेअरवर उलगडत नाहीत, इंटेल प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स ते करतं. तुमच्या दोन्ही पर्यायांत ते असायला हवं, तरी खात्री करा.

आणि रक्तपेशींच्या प्रती ब्लेंडरमध्ये शिफ्ट-डी दाबून काढल्यात की आल्ट-डी? शिफ्ट-डीने प्रत्येक पेशीची जाळी (तिच्या आकाराची माहिती) मेमरीत वेगळी बसते, आल्ट-डीने सगळ्यांत मिळून एकच.

पाणचाफा
दोघांचेही मनापासून आभार. रविवारी घड्याळ आणि वही घेऊन बसले. रक्त द्रव नाही. पेशी वक्ररेषेवरून सरकवल्या आहेत, त्यामुळे बेक काहीच नाही. दिवसभराच्या थांबण्यातलं बहुतेक सगळं रेंडरचंच निघालं.

आणि हो, सगळ्या पेशी शिफ्ट-डीच्या! त्या बदलल्यावर मेमरी ३.१ जीबीवरून १.२ वर आली. म्हणजे इतके दिवस सीन एमएक्स१५० मध्ये मावतच नव्हता आणि मी बिचाऱ्या प्रोसेसरला राबवत होते. आता तो ग्राफिक्सवर चालतो. डिनॉइझर (चित्रातले ठिपके पुसणारं साधन) लावून सॅम्पल, म्हणजे प्रत्येक ठिपक्यासाठी घेतलेली प्रकाशाची मापं, ५१२ वरून १२८ वर आणले, तर फ्रेम सव्वा मिनिटात होते. २५० फ्रेम सव्वापाच तासांत.

तरी नवा घेणार आहे, कारण पुढे फुप्फुसं करायची आहेत आणि त्यातल्या वायुकोशांना २ जीबी पुरणार नाही. ४०६० ठरला. तपशिलाची पानं चाळली तर एक पातळ लॅपटॉप ६० वॅटचा निघाला, दुसरा जाडजूड पण १०५ वॅटचा. रोज बॅगेतून न्यायचा आहे, म्हणून जीव पातळवर होता. पण रेंडर घरीच होतं, तेव्हा जाडाच घेते.

एकतारा
योग्य केलंत. रॅम एकाच स्टिकवर १६ जीबी असेल आणि दुसरा स्लॉट रिकामा असेल तर पुढेमागे तशीच आणखी एक बसवा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स बोर्डावरच पक्के बसवलेले असतात, ते नंतर बदलता येत नाहीत. रॅम आणि एसएसडी बहुतेक वेळा येतात.

पाणचाफा
स्लॉट दोन आहेत, बघून ठेवले. झडपेची सावलीही आज दुरुस्त झाली. आता २५० फ्रेम लावते.