कारखान्यांच्या सांडपाण्याने वाळवंटाची तहान भागेल?

क्षारपड:
परवा 'मरुस्थळ' यांनी लिहिलं की वाळवंटी देशांनी कारखान्यांचं सांडपाणी फिरवून वापरलं तर टंचाई संपेल, आडवी येते ती फक्त लोकांची किळस. वाचून राहवलं नाही. आखातात नऊ वर्षं ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, काढलीत मी. किळस राहू द्या, आधी मिठाचं बोला. आरओच्या बारीक गाळणीतून शंभर लिटर सोडलं की पंचाहत्तर लिटर चांगलं मिळतं आणि उरलेल्या पंचवीस लिटर रिजेक्टमध्ये सगळे क्षार चौपट दाट होऊन बसतात. ते कुठे ओतायचे? समुद्र जवळ नसेल तर बाष्पीभवनाची तळी बांधा, नाहीतर झेडएलडीच्या (थेंबही बाहेर न सोडण्याच्या) नावाखाली एमईई, म्हणजे पाणी उकळून आटवणारी यंत्रं, लावून वीज जाळा. नामिबियाची राजधानी विंडहूक, तिचा दाखला सगळे देतात. तिथे 1968 पासून सांडपाणी पिण्याजोगं करतात हे खरंच, पण कारखान्यांचं पाणी त्यात मिसळूच देत नाहीत. म्हणून ते जमलं!

मरुस्थळ:
प्यायला द्या असं मी कुठे म्हटलं? कूलिंग टॉवरला वापरा, धुण्याला वापरा. ओमानमधलं निम्रचं तेलक्षेत्र बघा. तेलाबरोबर वर येणारं पाणी, रोज एक लाख घनमीटरहून जास्त, बोरूच्या, म्हणजे उंच पाणगवताच्या, वाफ्यांतून उतारावर वाहत साफ होतं. पूर्वी तेच खोल विहिरींत दाबायला वीज लागायची. उलट सौदीने गव्हासाठी जमिनीखालचं हजारो वर्षांचं पाणी उपसलं आणि 2016 मध्ये हात आखडता घेतला. गेलेलं पाणी आता येणार आहे का परत?

क्षारपड:
निम्रचा शेवटही सांगा ना. वाफ्यांतलं बरंचसं पाणी पुढे बाष्पीभवनाच्या तळ्यांत जातं. तेल वेगळं झालं, वीज वाचली, मान्य. तहान कुणाची भागली?

वाळूघड्याळ:
तंत्रावर कशाला भांडताय? ऑपरेटरच चोर असतात. रात्री बायपास उघडून घाण पाणी तसंच बाहेर सोडून मोकळे.

रात्रपाळी:
तोंड सांभाळून बोला. बारा-बारा तासांची पाळी केलीय मी. रात्री दोनला डाइंगवाल्यांनी, म्हणजे रंगाई विभागाने, अख्खी बॅच सोडली, सगळं सांडपाणी आधी जमा होतं ती इक्वलायझेशन टाकी काठोकाठ. वर फोन केला, तर 'प्रॉडक्शन थांबणार नाही' एवढंच उत्तर. सीओडीचा, म्हणजे पाण्यातल्या घाणीच्या मापाचा, खरा आकडा लॉगबुकात लिहिला, सकाळी ते पान बदललेलं. तीन महिन्यांनी माझा करार वाढवला नाही. चोर कोण ते आता तुम्हीच ठरवा.

वाळूघड्याळ:
'चोर' शब्द मागे घेतो. पण त्या रात्री बायपासचा व्हॉल्व्ह उघडला कुणी? तुम्हीच ना?

रात्रपाळी:
हो, मीच. नाहीतर टाकी ओसंडून कामगारांच्या खोल्यांत शिरली असती. ती रात्र अजून डोक्यातून जात नाही. एसीत बसून विचारायला सोपं आहे.

मरुस्थळ:
अहो, म्हणूनच तर सांगतोय! तेच पाणी त्याच कारखान्यात परत वापरायची सक्ती करा. घाण सोडली तर त्यांचाच बॉयलर चोंदेल, मग प्रॉडक्शन आपोआप थांबेल. आणि मीटर ऑनलाइन लावा, म्हणजे पानं बदलता येणार नाहीत.

क्षारपड:
सक्तीचं पटलं, नाइलाजाने. पण मग सगळं एका टाकीत ढकलणं आधी बंद करा. रंगाईचं मिठाचं पाणी वेगळं काढा, शेवटच्या धुण्यांचं वेगळं. शेवटची धुणी बरीच स्वच्छ असतात, ती थोडक्या खर्चात फिरतात. हे मी तिथे चार वर्षं सांगत होतो, वेगळी पाइपलाइन टाकायला पैसे नव्हते म्हणे. आणि 'टंचाई संपेल' हे तेवढं मागे घ्या.

मरुस्थळ:
घेतलं. 'भार हलका होईल' म्हणतो. त्याच्या खाली नाही येणार.

रात्रपाळी:
मीटर लावाल हो, पण प्रोब पुसणार कोण? टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, प्रोबवर थर बसला की आकडा कमी दिसतो. आमच्याकडे दोन महिने तो पुसायला माणूस दिला नव्हता, आणि ते दोन्ही महिने रिपोर्ट उत्तम होते.