कॅमेऱ्याचं चलन: दंड भरतो, पण माझं ऐकणार कोण?

चौथा गियर (धागाकर्ता)

मंडळी, आधीच सांगून टाकतो, चूक माझी आहे. ५० च्या रस्त्यावरून मी ५८ ने गेलो. एकदा नाही, तीनदा. तरीही डोकं तापलंय, ते का ते ऐका.

रोजचा ऑफिसचा रस्ता. सरळसोट, मधे दुभाजक, वर्षानुवर्षं ६० ची मर्यादा. ती कधीतरी ५० झाली. पाटी लावलीय, पण झाडाच्या फांदीमागे. गाडीतून '५' दिसतो, शून्य पानांत. मला पत्ताच नाही. मग एका मंगळवारी सकाळी मोबाइलवर ओळीने तीन मेसेज. पहिलं चलन १९ दिवसांपूर्वीचं, दुसरं १४, तिसरं ९. तिन्ही एकाच खांबावरच्या कॅमेऱ्याची, तिन्ही पावणेनऊच्या सुमाराची.

पहिलं दुसऱ्याच दिवशी आलं असतं तर पुढची दोन झालीच नसती. पोराने आज काच फोडली आणि त्याचा कान पुढच्या महिन्यात पिळला, तर त्याला काय कळणार कशाबद्दल? बरं, मधल्या दिवसांत मी त्याच रस्त्यावरून त्याच वेगाने जातच होतो. ज्या सुरक्षेसाठी हा खांब उभा केला, ती तेवढे दिवस कुठे होती?

चौकातल्या हवालदाराला निदान बोट दाखवून सांगता यायचं, "साहेब, ती पाटी बघा." आता ऑनलाइन अर्ज. कारणं चारच: गाडी विकली, गाडी चोरीला गेली, नंबर चुकीचा, इतर. 'इतर' निवडलं की एक चिमुकला चौकोन येतो. माझं वाक्य त्यात 'फांदीमु' वर तुटलं.

सरळमार्गी

५० म्हणजे ५०. हळू चालवा, चलन येणार नाही. धागा संपला.

दोनचाकी

@सरळमार्गी, असं? माझ्याकडे स्कूटर आहे. चलन आलं, फोटो उघडला, तर त्यात मालाचा ट्रक. चिखलाने माखलेली नंबरप्लेट, त्यातला ८ मशीनने ३ वाचला आणि तो नंबर नेमका माझा. फोटोकडे एका माणसाने एक सेकंद पाहिलं असतं तरी काम झालं असतं. मी किती हळू चालवायला हवी होती म्हणजे तो ट्रक माझी स्कूटर झाला नसता?

सरळमार्गी

अपवादाने नियम ठरत नाही.

दोनचाकी

अपवादाच्या मागे मी दोन महिने फिरतोय, साहेब. तुम्ही नाही.

पायवाट

मी गाडी चालवत नाही, रस्ता ओलांडते. त्यामुळे "फक्त ५८" हे शब्द वाचून अंगावर काटा आला. थोडा हिशोब मांडते, कंटाळा आला तरी वाचा.

कोरडा रस्ता, ब्रेक चांगले, समोर कुणी आलंय हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद. ५० च्या वेगातली गाडी साधारण २८ मीटरवर पूर्ण थांबते. ५८ वाली त्या जागी पोचते तेव्हा ती अजून ताशी ३५ च्या वेगात असते. थांबलेली नाही, पस्तीस! कारण पहिल्या सेकंदात ती जास्त अंतर खाते, आणि वेग थोडा वाढला तरी ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा वर्गाच्या पटीत वाढते. २८ मीटरवर मी उभी असेन तर पहिल्या गाडीचा ड्रायव्हर मला शिव्या देईल आणि दुसरीचा मला दवाखान्यात नेईल.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्का वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. आणि जगात वर्षाला जवळपास १२ लाख माणसं रस्त्यावर मरतात. यात तुमची फांदी कुठे बसते ते तुम्हीच ठरवा.

चौथा गियर

@पायवाट, हिशोब मान्य. खरंच इतका फरक पडत असेल असं वाटलं नव्हतं. पण मग तुमच्याच बाजूने विचारतो: इतका जीवघेणा फरक असेल तर मला १९ दिवस तसंच जाऊ दिलं कसं? पाटी मोठी लावा, कॅमेऱ्याआधी "पुढे कॅमेरा आहे" असं लिहा. स्वीडनमध्ये कॅमेऱ्याच्या आधी तशी पाटी असते आणि त्यांचं नावच मुळी 'वाहतूक सुरक्षा कॅमेरा'. लपून बसलेला कॅमेरा सुरक्षा देत नाही, पावती फाडतो.

ताशी चाळीस

पाटी लावली की लोक पाटीपाशी ब्रेक मारतात आणि खांब ओलांडला की पुन्हा पाय दाबतात. हे आपण सगळेच करतो, उगाच साळसूदपणाचा आव नको. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात कॅमेऱ्याच्या जवळपास अपघात कमी झालेले दिसले, पण दीडेक किलोमीटर पुढे गेल्यावर तो फायदा विरला आणि अपघात वाढल्याच्याही खुणा होत्या. यावर उपाय आहे: दोन खांब, मधल्या अंतराला लागलेला वेळ, त्यावरून सरासरी वेग. तिथे खांबापुरता ब्रेक मारून सुटता येत नाही.

अवांतर: वेग पकडणारा कॅमेरा ज्याच्यामुळे जगभर पसरला तो मॉरिस गॅट्सोनिडेस स्वतः डच रॅलीपटू होता, १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावरचा स्वतःचा वेग मोजून तो आणखी वाढवता यावा म्हणून त्याने ते यंत्र बनवलं होतं.

दोनचाकी

म्हणजे मूळ आरोपी तोच. 😀

पिवळा दिवा

सिग्नलच्या वेळा बसवण्याच्या कामात मी बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून लाल दिव्याच्या कॅमेऱ्याबद्दल बोलतो. "चालवणारा बेशिस्त" हे वाक्य तिथे दर वेळी खरं नसतं.

६० च्या रस्त्यावर पिवळा ३ सेकंदांचा ठेवला असं समजा. तेवढ्यात गाडी ५० मीटर जाते. पण मागच्याच्या छातीत धडकी न भरवता थांबायचं तर जवळजवळ ६२ मीटर लागतात. म्हणजे पिवळा लागला तेव्हा तुम्ही रेषेपासून ५५ मीटरवर असाल तर नीट थांबता येत नाही आणि लाल व्हायच्या आत रेषाही गाठता येत नाही. कितीही सज्जन असलात तरी एक तर करकचून ब्रेक, नाहीतर चलन. १९६० मध्येच जनरल मोटर्सच्या तीन संशोधकांनी हा ना थांबता येणारा ना पार होता येणारा पट्टा कागदावर मांडून दाखवला होता. या रस्त्याला पिवळा पावणेचार सेकंदांच्या आसपास हवा. वरच्या पाऊण सेकंदात किती पावत्या फाटतात हे ज्यांनी मोजलंय त्यांना माहीत आहे.

वळणाऱ्या गाडीचं तर आणखी वेगळं, कारण ती वेग कमी करत येते. अमेरिकेत ओरेगनमध्ये मॅट्स यार्लस्ट्रोम नावाच्या गृहस्थाच्या बायकोला २०१३ मध्ये असंच कॅमेऱ्याचं चलन आलं. हा पठ्ठ्या पिवळ्याची वेळ ठरवायचं सूत्र घेऊन बसला आणि त्यातली उणीव शोधली. तिथल्या अभियंता मंडळाने काय करावं? "परवाना नसताना अभियांत्रिकी केली" म्हणून त्यालाच ५०० डॉलर दंड! न्यायालयात तो जिंकला, आणि २०२० मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने वळणाऱ्या गाड्यांसाठी त्याचा मुद्दा आपल्या शिफारशींत घेतला.

सरळमार्गी

छान गोष्ट. पण किती जणांचं चलन त्या पाऊण सेकंदातलं असतं आणि किती जण लाल लागल्यावर तीन सेकंदांनी घुसतात? फोटोखाली वेळ छापलेली असते, बघा एकदा. आणि कॅमेऱ्यांचा उपयोग होतो यावर वाद नको. कोक्रेन ही संस्था आरोग्याशी संबंधित अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या २०१० च्या आढाव्यात ३५ अभ्यास तपासले होते. वेगाच्या कॅमेऱ्यांजवळ गंभीर आणि जीवघेणे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटलेले दिसले.

पिवळा दिवा

वेगाच्या कॅमेऱ्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, ते काम करतात. लाल दिव्याच्या कॅमेऱ्यांचं चित्र मिश्र आहे. अमेरिकी महामार्ग प्रशासनाच्या २००५ च्या अभ्यासात आडव्या धडका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या, पण मागून आदळणं १५ टक्क्यांनी वाढलं. आडवी धडक जास्त घातक, म्हणून गोळाबेरीज कॅमेऱ्याच्या बाजूनेच. माझा मुद्दा एवढाच की आधी पिवळा नीट बसवा, मग कॅमेरा लावा. उलट क्रमाने करणाऱ्यांची नजर कशावर असते ते सांगायला नको.

रात्रपाळी

मी डिलिव्हरीची गाडी चालवतो. तुमचे आकडे वाचले, चांगले आहेत. आमच्याकडे चलन मालकाच्या नावावर येतं, मालक पगारातून कापतो. फोटो मागितला तर म्हणतो, तुला कशाला. त्या दिवशी गाडीवर मी होतो की दुसरा, कोण बघतं? कॅमेऱ्याला नंबर दिसतो, माणूस नाही.

आणि दंड सगळ्यांना सारखा. मोठ्या गाडीवाल्याचा तो चहापाण्याचा खर्च, माझी तीन दिवसांची कमाई.

पायवाट

@रात्रपाळी, हे मात्र पटलं. फिनलंडमध्ये वेग फार ओलांडला तर दंड उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये तिथल्या एका धनाढ्याला ५० च्या रस्त्यावर ८२ ने गेल्याबद्दल १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. असा दंड सगळीकडे लागला तर कॅमेऱ्याविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असेल, याची मला उत्सुकता आहे.

दोनचाकी

आवाजावरून आठवलं. फ्रान्समध्ये इंधनावरच्या करावरून पेटलेल्या पिवळ्या जाकिटांच्या आंदोलनात निम्म्याहून जास्त कॅमेऱ्यांची मोडतोड झाली किंवा ते झाकले गेले. तिथल्या गृहमंत्र्यांनीच जानेवारी २०१९ मध्ये ६० टक्के म्हटलं होतं. लोकांना यंत्रात फक्त गल्ला दिसायला लागला की असं होतं. मेलबर्नमध्ये एका जुन्या डॅटसन १२० वाय गाडीने १५८ चा वेग गाठल्याचं यंत्राने सांगितलं होतं. ती गाडी उतारावर ढकलली तरी तेवढी पळाली नसती. पुढे तिथल्या सरकारला दंडाचे पैसे परत द्यावे लागले. यंत्र चुकणारच. चुकल्यावर ऐकायला माणूस हवा.

सरळमार्गी

माणूस ठेवला की "साहेब, जरा बघा ना" सुरू. ओळख, चिरीमिरी, सगळं परत. कॅमेऱ्याला मामा नसतो, हेच त्याचं मोठेपण.

चौथा गियर

हा मुद्दा बिनतोड आहे, कबूल. हवालदाराच्या आठवणीने मी जरा हळवा झालो होतो. त्याला मी काय काय सांगून सुटलोय ते इथे लिहीत नाही.

पण मी सवलत मागत नाहीये. चलन दोन दिवसांत पाठवा, तक्रार कुणीतरी वाचा, नाकारली तर का ते लिहा. यात चिरीमिरी कुठे आली?

पायवाट

फांदीचा फोटो काढलाय का? नसेल तर उद्याच काढा. तारीख दिसेल असा.

चौथा गियर

(चार दिवसांनी) ताजी खबर. अर्जावर उत्तर आलं: "तक्रार अमान्य." बस, दोन शब्द. पहिली दोन चलनं भरून टाकली, तिसरं ठेवलंय.

आज सकाळी त्या रस्त्यावरून ४८ ने गेलो. मागचा सारखा हॉर्न मारत होता. पाटी लांबूनच दिसली, शून्यासकट. फांदी छाटलीय.

सरळमार्गी

आधीचा फोटो आहे ना?

चौथा गियर

आहे, तारखेसकट. अर्जावर फोटो जोडायची सोय नाही.