रॅम वाढवण्याआधी हेडर बघा
एका साइटवाल्याला सल्ला मिळालाय की पीएचपी (सर्व्हरवर साइट चालवणारी भाषा) फोटो लहान करताना दमतं, तर रॅम वाढवा. कशाला? मालवणातल्या आमच्या होमस्टेच्या साइटवरही सिंधुदुर्ग किल्ल्याचा एकच फोटो दर भेटीला नव्याने कापला जायचा. आधी एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा कॅशे लावला, म्हणजे तयार फोटो साठवून पुन्हा द्यायची सोय, पण काही साठेचना. हेडर, म्हणजे सर्व्हरच्या उत्तरासोबत येणाऱ्या सूचना, उघडले तर फोटोची मुदत १९ नोव्हेंबर १९८१ ची! केव्हाच संपलेली, मग कॅशे साठवणार कसा? स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत सेशन (भेट देणाऱ्याची ओळख लक्षात ठेवायची सोय) सुरू होत होतं. तेव्हा पीएचपी ही तारीख आपणहून डकवतं. फोटोला सेशन हवंय कुणाला? ओळ उडवली.

आता तर बनलेली फाइल सरळ डिस्कवर ठेवतो, नसेल तरच पीएचपीला उठवायचं. पत्त्यातून मागितलेली फोटोची रुंदी मात्र ३२०, ६४० पिक्सेल अशी ठरावीकच चालू द्या, नाहीतर कुणी रिकामटेकडा आकडे बदलत डिस्क भरून टाकेल.